रंग गेला, पण गेला कुठे?

इचलकरंजीतल्या कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. लाल सांडपाण्यात दोन पट्ट्या बुडवून वीज सोडली की पाणी निवळायचं, साहेब खूश! मला आठवतो तो नाकाला झोंबणारा वास. तो क्लोरीनचा. रंगाईत मीठ भरपूर. रुथेनियम ऑक्साइडचा लेप असलेल्या धनाग्रावर, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेल्या पट्टीवर, त्यातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो, त्याचं पाण्यात हायपोक्लोराइट बनतं आणि ते रंगाच्या रेणूतला नायट्रोजनचा दुवा तोडतं. तुकडे मात्र उरतात. त्यांतून क्लोरोफॉर्मही तयार होऊ शकतो. याउलट बोरॉनयुक्त हिऱ्याच्या धनाग्रावर पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक निघतात, ते रंगाचे रेणू तोडत पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेतात. महाग आहे, कबूल. आणि मीठ असलं की क्लोरीन तिथंही सुटतोच. म्हणून यंत्र विकणाऱ्यानं निवळ पाण्याची बाटली नाचवू नये. त्यात सेंद्रिय कार्बन किती उरला, क्लोरीनयुक्त संयुगं किती, ते मोजून दाखवावं.