‘आता बरं आहे’ म्हणजे नक्की काय?

रविवारचा फोन तुमच्याकडेही असतोच ना? उशिरा उठायचं, कॉफीचा मग हातात घ्यायचा आणि गावाकडे एक कॉल लावायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, पाऊस आहे का, असे तीन ठरलेले प्रश्न. तिन्हींचं उत्तर ‘हो’. सात मिनिटांत आपली ड्यूटी संपली! गेल्या पावसाळ्यात साताऱ्याच्या आत्याला मी असाच फोन केला होता. ‘कशी आहेस?’ ‘मजेत गं.’ फोन ठेवला आणि पिझ्झा ऑर्डर केला.

त्याच दिवशी सकाळी आत्याच्या हातून चहाचा कप पडला होता. उजव्या हाताने उचलला आणि बोटांनी तो सोडूनच दिला. शेजारच्या काकूंना हाक मारायला गेली, तर तोंडातून भलतेच शब्द. हे सगळं चार-पाच मिनिटं. मग हात हलायला लागला, जीभ वळायला लागली. आत्याने फरशी पुसली आणि दुसरा चहा टाकला.

बुधवारी सांगलीहून ताईचा, म्हणजे तिच्या लेकीचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता हा विषय निघाला. ‘पित्त झालं असंल. आता बरं आहे की!’

ताईने तिला त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं. बीपी निघालं १८०/१००. दुसऱ्या दिवशी मानेचा डॉप्लर झाला, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. रिपोर्ट असा : डाव्या कॅरोटिड आर्टरीत कॅल्शियम साठलंय आणि वाहिनी बरीच अरुंद झालीय.

मग काय, फॅमिली ग्रुपवर धमाल. एका काकांनी फर्मान काढलं, ‘दूध बंद!’ दुसऱ्यांनी लिंबू-लसणाचा काढा पाठवला. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या आत्याने दोन दिवस कोरा चहा घेतला. कॅल्शियम म्हटलं की दूध, इतकं सोपं गणित आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं. माझ्याही होतं.

आता जरा कंठमण्याच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवून बघा. ठोका लागतोय? तीच कॅरोटिड. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक. तिथेच, थोडी वर, तिला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. या फाट्यावर रक्ताचा प्रवाह सरळ न जाता घुटमळतो. बीपी, शुगर, तंबाखू आणि वाईट कोलेस्टेरॉल यांनी वाहिनीचं अस्तर दुखावलं, की पहिला थर साठतो तो इथेच. सुरुवातीला चरबी, मग सूज आणि वर्षानुवर्षांनी त्यात कॅल्शियम. वाहिनीच्या भिंतीतल्या काही पेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात!

म्हणजे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात, तसं हे नाही. वाहत्या रक्तातलं कॅल्शियम आतून चिकटत नाही, ते भिंतीच्या आत मुरतं. दूध बंद करून ते कमी होत नाही. डॉक्टरांनी तर आत्याला उलटंच सांगितलं, ‘आजी, दुधाला कशाला शिक्षा? मिश्री सोडा.’

हां, मिश्री. सातारा-सांगलीकडे ज्यांचं आजोळ आहे, त्यांना ती काळी पूड आणि तो वास माहीत असणार. तव्यावर जाळलेली तंबाखू सकाळी हिरड्यांवर लावायची, की दिवस सुरू. आत्या लग्नाच्या आधीपासून लावते. आम्ही सगळे तिला टूथपेस्टची गावठी बहीण समजत होतो. घरात कुणी सिगरेट ओढत नाही म्हणून आम्ही ‘तंबाखूमुक्त’! आणि आपण हसायचं कारण नाही. ऑफिसखालच्या टपरीवरचं चाय-सुट्टा हे त्याच खात्यात जमा होतं.

पुढची गंमत अशी, की कॅल्शियम फार असेल तर सोनोग्राफीत त्याची सावली पडते आणि मागचं नीट दिसत नाही. म्हणून सीटी अँजिओग्राफी. ती सांगलीला करायचं ठरलं, कारण ताई तिथे आणि शेजारी मिरज. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून आसपासचे जिल्हे आणि कर्नाटकातले पेशंटसुद्धा दुखणं घेऊन मिरजेची वाट धरत आलेत. आत्याची वाहिनी ७५ टक्के अरुंद निघाली.

मला वाटत होतं, धोका म्हणजे नळी पूर्ण तुंबणं. पण मेंदूला रक्त नेणारे चार रस्ते असतात. एक हळूहळू बंद झाला, तर बाकीचे बऱ्याचदा सांभाळून घेतात. खरा धोका त्या थराचा तुकडा किंवा त्याच्यावर धरलेली गुठळी सुटून वर जाण्याचा. अगदी छोटी गुठळी असली तर ती विरघळते आणि माणूस पाच मिनिटांत ठीक होतो. डाव्या मेंदूकडे उजवा हात आणि बहुतेकांची भाषा, म्हणून आत्याचा कप पडला आणि शब्द पळाले. कुणाच्या एका डोळ्यासमोर पडदा उतरतो आणि परत वर जातो. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. आपण म्हणतो पित्त, चक्कर, अशक्तपणा.

आणि इथेच आपण फसतो. बरं वाटलं म्हणजे संकट टळलं, असं नसतं. पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे, त्यानंतरचे काही आठवडेही. पुढची गुठळी छोटीच असेल, याची गॅरंटी कोण देणार? आत्याने रविवार ते बुधवार ते दिवस पापड वाळवत काढले. त्यातल्या पहिल्याच दिवशी मी तिच्याशी सात मिनिटं बोलले होते!

यावर उपाय आहे, ही चांगली बातमी. अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी १९५३ मध्येच ही वाहिनी उघडून आतून साफ केली होती. १९९१ च्या उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, असा झटका येऊन गेलेल्या आणि ७० टक्क्यांच्या वर अरुंद वाहिनी असलेल्या पेशंट्सपैकी, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत १०० पैकी २६ जणांना त्याच बाजूचा स्ट्रोक आला. ऑपरेशन झालेल्यांत ९ जणांना. औषधं आज तेव्हापेक्षा चांगली आहेत, पण ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच करावं, असं डॉक्टर सांगतात. कडक कॅल्शियममध्ये स्टेंट नीट उघडत नाही, म्हणून आत्याचं ऑपरेशनच ठरलं. अकराव्या दिवशी झालं. आता मानेवर एक बारीक रेघ आहे, ती पदराने झाकते.

थांबा, लगेच फुल बॉडी पॅकेज बुक करू नका. काहीच त्रास नसलेल्यांनी सरसकट मानेचा डॉप्लर करू नये, असंच अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये परत सांगितलंय. त्यातून फायद्यापेक्षा भलत्या तपासण्या आणि नको ती ऑपरेशनंच वाढतात. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल मोजा. स्वस्त आणि जास्त कामाचं. आणि कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरूही करू नका, मनाने बंदही करू नका.

दुसरं, फोन करताना प्रश्न बदला. ‘कशी आहेस?’ला आपल्याकडे ‘मजेत’शिवाय उत्तर नसतं. ‘या आठवड्यात हातातून काही पडलं का? बोलताना अडखळलीस का? एका डोळ्याला अंधारी आली का?’ असं थेट विचारा. ‘हो’ म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि समोर घडत असेल तर हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. काही वाकडं दिसलं, तर बरं वाटायची वाट न बघता १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातला बराच वेळ ‘जरा पडते, बरं वाटेल’ यातच जातो.

आत्या आता साताऱ्यात परत आलीय. रोज गोळ्या, सकाळी राजवाड्यापर्यंत फेरी. मिश्रीची डबी ताईने सांगलीला नेली. आत्याचं म्हणणं, ती चोरली. दुधाचा चहा मात्र परत सुरू झालाय, आणि परवा फोनवर माझे तिन्ही प्रश्न ऐकून ती म्हणाली, ‘नाही पडला गं कप. तू किती सुट्टे ओढतीस ते सांग आधी.’

यावर उत्तर काय द्यायचं?