जड म्हणजे खरं?



महिनाभर इथे काही लिहिलं नाही, कारण आमच्या सोसायटीत दगडावरून रण माजलं आहे. (मुंबईच्या वन्सं फोनवर विचारत होत्या, "एवढं झालं तरी काय?" त्यांच्यासाठी सविस्तर.)

आमच्या प्रवेशाच्या भिंतीला हिरवा मार्बल होता. दोन बाय दोन फुटांच्या, पाऊण इंची लाद्या, सिमेंटवर बसवलेल्या. दोन पावसाळ्यांत त्या फुगल्या, वाकल्या आणि जूनमध्ये एक खाली आली. वीस किलोचं धूड! खाली वॉचमनची खुर्ची असते. तो मोटर लावायला गेला होता म्हणून वाचला. खुर्चीचे तुकडे झाले.

आता नव्याने काय लावायचं? माझ्या भाच्याने सुचवलं, हलकी पॅनेल्स लावा. पाच मिलिमीटरचा हिरवा दगड आणि त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचं, मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार अस्तर. चौरस फुटाला दीड-दोन किलो. आधीची लादी भरायची पाच. तर कमिटीचे ज्येष्ठ (म्हणजे माझ्याच वयाचे) म्हणाले, "छे, हे नकली! खरा मार्बल जडच असतो."

चौतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे गप्प बसवेना. पहिली गोष्ट, तो हिरवा दगड मार्बल नाहीच! मार्बल म्हणजे चुनखडीचं रूपांतर. उदयपूरकडच्या केसरियाजीहून येतो तो हिरवा दगड सर्पेंटाइन. बाजारात त्याला मार्बल म्हणतात, एवढंच. खऱ्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी हे ऐकावं. आणि या दगडाची खोड अशी की ओल्या सिमेंटवर बसवला की पाणी पिऊन वाकतो. तो इपॉक्सीवरच बसवावा लागतो. म्हणजे आमच्या लाद्या जड असूनही पडल्या नाहीत, तर चुकीच्या बसवल्या आणि जड होत्या म्हणून पडल्या. पॅनेलमध्ये दगड कारखान्यातच इपॉक्सीने अस्तराला चिकटवलेला असतो.

दुसरं, पातळ म्हणजे नकली हे कोणी ठरवलं? ताजमहाल आतून विटांचा आहे, संगमरवर वरून चढवलेला. त्याला नकली म्हणायची कुणाची छाती आहे?

मग सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर शिकागोचा दाखला टाकला. १९७३ साली पूर्ण झालेल्या अमोको इमारतीचा (आजचं एऑन सेंटर) पांढरा इटालियन संगमरवर वाकला आणि १९९० ते ९२ मध्ये सुमारे ४३ हजार लाद्या काढून ग्रॅनाइट लावावा लागला. खरं आहे. पण तो दगड इंचाहून जाड होता, मागे कसलंही अस्तर नव्हतं आणि बाहेर ऊन-बर्फ खात होता. हा दाखला माझ्याच बाजूचा झाला की!

माझी खरी चिंता वेगळीच आहे. सर्पेंटाइनच्या कुळातच क्रायसोटाइल येतं, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. प्रत्येक दगडात असतंच असं नाही, पण असू शकतं. मागच्या वेळी कारागीर पोरं जिन्यात बसून कटरने कोरड्या लाद्या कापत होती, तोंडाला फक्त रुमाल. धूळ चौथ्या मजल्यापर्यंत आली. आपण खिडक्या लावून घेतल्या, त्यांनी काय करायचं? पॅनेल मापाचं कापून मागवता येतं. कारखान्यात पाणी सोडून कापणं निदान शक्य असतं, आणि ते तसंच कापलेलं हवं ही अट आपण घालू शकतो.

खोटं बोलणार नाही, पॅनेलला खर्च जास्त येतो. पुन्हापुन्हा घासून पॉलिशही करता येणार नाही, आणि जमिनीवर तर ते नकोच. पण भिंतीला कोण घासतंय!

असो. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. पॅनेल नको असेल तर साधा रंग द्या, मी त्यालाही हात वर करीन. जाड लाद्यांचा ठराव आला, तर मात्र सेक्रेटरींनी आठवडाभर त्या भिंतीखाली खुर्ची टाकून बसावं, अशी उपसूचना मांडणार आहे. अनुमोदक म्हणून वॉचमनला विचारलं, तर तो नुसता हसला.