'एफ वन': गाडीत बसवलं, पण जिंकू दिलं नाही

शेवट सांगणार आहे. ब्रॅड पिटचा 'एफ वन' बघायचा राहिला असेल तर ही पोस्ट नंतर वाचा.

जून २०२५ मध्ये सिनेमा आला तेव्हापासून ओळखीतले काही जण कुरकुरतायत. काळा ड्रायव्हर, टेक्निकल डायरेक्टर बाई, म्हणजे हॉलिवूडने पुन्हा कोटा भरला म्हणे. मला तर उलटंच दिसलं.

अबू धाबीच्या रेसचा शेवटचा लॅप आठवा. जोशुआ पिअर्स आणि लुईस हॅमिल्टन एकमेकांवर आदळतात, दोघेही बाद. जिंकतो कोण? साठीला टेकलेला गोरा सनी. दोन काळे ड्रायव्हर बाजूला झाले आणि हिरोला रस्ता मोकळा! आणि हॅमिल्टन म्हणजे या खेळातला पहिला काळा ड्रायव्हर, सात वेळा जगज्जेता, वर या सिनेमाचा एक निर्माता. त्याने हे कसं चालवून घेतलं, कळत नाही.

कारण खरा हॅमिल्टन गप्प बसणारा गडी नाही. २०२० मध्ये मुजेलोच्या पोडियमवर तो ब्रिओना टेलरला मारणाऱ्या पोलिसांना अटक करा, असं लिहिलेला टी-शर्ट घालून उभा राहिला. त्यानंतर पोडियमवर काय घालायचं याचे नियमच आले. २०२१ ला कतार आणि सौदीत त्याने इंद्रधनुषी हेल्मेट घालून गाडी चालवली. २०२२ च्या शेवटी तर परवानगीशिवाय राजकीय बोलायचंच नाही, असा नियम निघाला. सिनेमात यातलं काहीच नाही. अबू धाबी फक्त झगमगाटापुरतं.

अजून एक. सनी मुद्दाम धक्के मारून सेफ्टी कार आणतो, तर तो हुशार. जोशुआ सोशल मीडियावर लक्ष देतो, तर तो उथळ. २००८ ला सिंगापूरमध्ये टीमच्या सांगण्यावरून गाडी भिंतीवर घातली गेली होती, त्यावरून केवढा बोभाटा झाला होता!

आणि केट. खऱ्या एफ वनमध्ये रेस सुरू करणारी शेवटची बाई लेला लोंबार्डी, १९७६ साली. पहिली महिला रेस इंजिनियर, लॉरा म्युलर, हास टीमला मिळाली २०२५ मध्ये. अशा जगात केट टेक्निकल डायरेक्टर झाली कशी, हाच खरा पिक्चर होता राव. तो जुजबी संवादांत उरकला आणि तिला हिरोच्या प्रेमात पाडलं. पिट स्टॉपला गोंधळ घालणारीसुद्धा मुलगीच.

बाकी रेसिंग मात्र कडक. खऱ्या रेस वीकेंडला जाऊन शूट केलंय, मोठ्या पडद्यावर आवाज छातीत बसतो, तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल. दुसरा भाग काढलाच तर जोशुआला शेवटचा लॅप पूर्ण करू द्या.