तंबाखूचा कर आणि उताऱ्यावर नसलेली बाई



गेल्या हंगामात निपाणीजवळच्या एका गावात बायकांच्या बैठकीला गेले होते. बैठक रेशनकार्डांबद्दल होती. बायका आल्या त्या थेट तंबाखूच्या रानातून. दिवसभर शेंडे आणि फुटवे खुडून सगळ्यांचे हात काळे झालेले. एका आजींचा हात धरायला गेले तर त्यांनी मागे घेतला. म्हणाल्या, "नगं ताई, चिकटा लागंल. दोन दिस जात न्हाई." बोलता बोलता मी विचारलं, "तंबाखूची शेती तुमच्यात कुणाकुणाची आहे?" एकही हात वर झाला नाही. "आमच्या मालकांची हाय की, आमची कुठली?" असं एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

ते हसणं मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तंबाखूवरचा कर वाढला की दोन आवाज उठतात. एक म्हणतो, शेतकरी मरेल. दुसरा म्हणतो, कर वाढवल्याशिवाय व्यसन कमी होणार नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण पहिल्या आवाजातला 'शेतकरी' म्हणजे उताऱ्यावर नाव असलेला पुरुष, आणि दुसऱ्यातला 'माणूस' म्हणजे ओढणारा, खाणारा. रोप लावणारी, खुडणी करणारी, वखारीत जर्दा चाळणारी आणि घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई या हिशेबात कुठेच नाही.

सरकार आणि तंबाखू यांचं नातं जुनं आहे. महायुद्धाच्या काळात, 1943 साली, इंग्रज सरकारने तंबाखूवर उत्पादन शुल्क बसवलं. तेव्हापासून सरकारी अधिकारी पिकाची नोंद करू लागला आणि माल हलवायलाही परवाना लागू लागला. कच्च्या तंबाखूवरचं हे शुल्क 1979 साली उठलं आणि कराचा भार तयार मालाकडे वळला. मग शेतकऱ्याचं भलं झालं का? दोनच वर्षांनी, 1981 च्या मार्चमध्ये, निपाणीचे तंबाखू शेतकरी भावासाठी बायकापोरांसह पुणे-बंगलोर रस्त्यावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात 12 शेतकरी गेले. कर उठला म्हणून भाव मिळाला नव्हता, कारण भाव ठरवणारा व्यापारी तोच होता.

त्याच निपाणीत त्या सुमारास वखारीतल्या तंबाखू कामगार बायका संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर युगांतर या गटाने 1982 साली 'तंबाखू चाकिला ओब आली' हा माहितीपट केला. आपल्यापैकी पुष्कळजणींनी तो शिबिरांत पाहिला असेल. त्यांची संघटना बांधणारे प्रा. सुभाष जोशी शेतकऱ्यांच्या आंदोलनातही होते. शेतकरी आणि कामगार यांचं दुखणं एकच आहे, हे तेव्हा निपाणीने दाखवून दिलं होतं.

आता आजचं बघू. सिगारेटसाठी लागणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूला 1975 च्या कायद्याने तंबाखू मंडळ मिळालं, लिलाव मिळाला. विडीच्या तंबाखूला तो आसरा नाही. 2017 साली जीएसटी आला. शेतकऱ्याकडून पानं घेताना 5 टक्के कर खरेदीदाराने भरायचा असं ठरलं. कागदावर कर व्यापाऱ्याचा. पण ज्याच्या हातात भाव असतो तो आपला कर खालच्या पायरीवर ढकलू शकतो. व्यापाऱ्याने भाव पाडला की शेतकरी घरच्या मजुरीत काटकसर करतो, आणि घरची मजुरी म्हणजे बायकोची आणि सुनेची. ती तर मोजलेलीच नसते.

विडीवरचा कर 2017 साली 28 टक्के झाला. त्याच वर्षी विडी कामगार कल्याण निधीसाठी वसूल होणारा उपकर बंद झाला. 1976 च्या कायद्याने आलेला हा उपकर रकमेने छोटा होता, पण त्यातून दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांना मदत होत असे. म्हणजे कर वाढला आणि त्या करात बाईच्या नावाने बाजूला पडणारा हिस्सा मात्र गेला.

पुढे 2025 च्या सप्टेंबरात विडीवरचा कर 18 टक्क्यांवर आणायचं ठरलं आणि 1 फेब्रुवारी 2026 पासून तो लागू झाला. सिगारेट आणि खायच्या तंबाखूवर मात्र 40 टक्के. विडीची सवलत कामगारांच्या पोटासाठी, असं सांगितलं गेलं. या बैठकीत विड्या वळणाऱ्याही होत्या. हजारी किती वाढली, असं त्यांना विचारलं. वाढली, असं एकीनेही सांगितलं नाही. छाट काढणंही तसंच चालू आहे. कर वाढतो तेव्हा बाईला पुढे करतात आणि कर उतरतो तेव्हा तिला विसरतात.

म्हणून स्त्री संघटनांनी इथे सावध राहायला हवं. कारखानदाराच्या 'कर कमी करा' या मोर्चात आपण गर्दी म्हणून जायचं नाही. हे पीक आपल्या बाईलाही सोडत नाही. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, मळमळतं, गरगरतं. पोटुशी बाईही त्याच रानात असते. पण 'तंबाखू बंद करा' एवढंच म्हणून घरी येणंही बरोबर नाही. उद्या पीक गेलं तर आधी चूल हिची विझणार.

तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारताने 2004 साली शिक्कामोर्तब केलं. त्याच्या 17 व्या कलमात शेतकरी आणि कामगार यांना परवडणारा पर्याय देण्याची गोष्ट आहे. तंबाखूऐवजी दुसरी पिकं घ्यावीत म्हणून केंद्र सरकारची योजनाही 2015-16 पासून तंबाखू पिकवणाऱ्या राज्यांत आहे. पण योजना उतारा मागते, आणि उताऱ्यावर बाई नाही.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. तंबाखूवरच्या कराचा ठरावीक हिस्सा कायद्यानेच पर्यायी पिकांसाठी आणि विडी कामगारांच्या कल्याणासाठी बाजूला काढावा. पीकबदलाची मदत देताना रानात राबणाऱ्या बाईची शेतकरी म्हणून वेगळी नोंद व्हावी आणि पैसा तिच्या खात्यात जावा. विडीवरची सवलत हजारीच्या दराशी बांधावी. आणि उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागावं, ही आपली जुनी मागणी इथेही लागू आहे.

आपल्या गटांतल्या मैत्रिणींनी आपापल्या भागात खुडणीची रोजी किती, हजारी किती, पर्यायी पिकाची मदत कुणाच्या नावावर आली, एवढ्या तीन गोष्टी विचारून आम्हाला कळवाव्यात. पुढच्या अंकात ते सगळं एकत्र छापू. पुढच्या वेळी त्या गावात जाईन तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. निदान चार-दोन काळे हात तरी वर यावेत, एवढं काम आपल्याला तोवर करायचं आहे.