‘तू बांध, मी बघतो’ : वस्तीतील वाढीव खोली आणि तोंडी परवानगीचे राजकारण

आपल्या वस्तीत घर कसे वाढते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पोराचे लग्न ठरले की मागच्या पडवीला विटा लागतात. पोरगी दहावीला गेली की पत्रा काढून स्लॅब टाकायचा विचार सुरू होतो. बचत गटाचे कर्ज निघते, गावातलाच मिस्त्री ठरतो, वाळू येऊन पडते. या साऱ्या प्रवासात कागद कुठेही नसतो. असतो तो एक माणूस. कुठे नगरसेवक, कुठे सरपंचाचा उजवा हात, कुठे आपल्याच पक्षाचा शाखाध्यक्ष. तो खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘तू बांध, मी बघतो.’ आमचे स्पष्ट मत आहे की, या चार शब्दांनी आपल्या समाजाचे जेवढे नुकसान केले, तेवढे अनेक उघड शत्रूंनाही जमले नाही.

कारण हा माणूस परवानगी देत नाही, उपकार करतो. परवानगी कागदावर असते, तिला तारीख असते, जावक क्रमांक असतो. ती नाकारली तर अपील करता येते. उपकाराला यातले काहीच नसते. उद्या निवडणुकीत तुम्ही दुसऱ्या पॅनेलचा झेंडा धरला, जयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गावरून गावात खटका उडाला, अॅट्रॉसिटीची फिर्याद मागे घ्यायला तुम्ही नकार दिला, की तीच खोली एका रात्रीत ‘अनधिकृत बांधकाम’ होते आणि नोटीस येते. खोली तीच, विटा त्याच. बदलतो तो फक्त तुमच्याबद्दलचा त्यांचा राग. घराच्या छताखाली माणसाला मिंधे करून ठेवण्याची याहून सोपी युक्ती कोणती?

‘नियम सर्वांना सारखे आहेत, परवानगी घ्यायला कोणी अडवले?’ असे विचारणारे सद्गृहस्थ आपल्याला पावलोपावली भेटतात. त्यातले काही आपलेच असतात. शहरात सोसायटीत फ्लॅट घेतलेला, बाल्कनी विनापरवाना बंदिस्त करून तिथे वॉशिंग मशीन ठेवणारा आणि वस्तीतल्या माणसाला ‘अतिक्रमणवाले’ म्हणणारा साहेब आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याला उत्तर देण्यापूर्वी नियम काय सांगतो ते पाहू.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 44 नुसार बांधकामाचा अर्ज करायचा असतो आणि कलम 45 नुसार त्यावर निर्णय व्हायचा असतो. 60 दिवसांत काहीच कळवले नाही आणि बांधकाम नियमावलीत काटेकोर बसणारे असेल, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. नाकारली तर 40 दिवसांत शासनाकडे अपील आहे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली. तिने लहान भूखंडांचे काम आणखी सोपे केले. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नकाशा आणि कागदपत्रे दाखल करून शुल्क भरले की ती पोचच परवानगी ठरते. 150 ते 300 चौरस मीटरसाठी दहा दिवसांची मुदत आहे. म्हणजे हा कायदा आपल्या माणसाच्या विरोधात लिहिलेला दिसत नाही. आपल्या वस्तीतली घरे 150 मीटरच्या कितीतरी आत बसतात.

मग घोडे अडते कुठे? अर्जासोबत जोडायच्या पहिल्याच कागदापाशी. तो कागद असतो मालकीचा.

आणि मालकी हा शब्द आला की इतिहास आला. गावकुसाबाहेरची वस्ती कोणत्या जमिनीवर आहे? कुठे गायरानावर, कुठे सरकारी पडावर, कुठे महारकीच्या जमिनीवर. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती 1958 नंतर. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, आणि आजही कित्येक सातबाऱ्यांवर ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा आहे. त्यात आजोबांचे नाव अजून निघालेले नाही, वारसनोंद झालेली नाही, तीन भाऊ आणि दोन बहिणींची संमती घ्यायची आहे. ज्याच्या पणजोबाच्या नावे गावठाणात वाडा होता त्याच्या अर्जाला मालकीचा कागद आपोआप लागतो. ज्याच्या पणजोबाला गावठाणात पाय ठेवायला बंदी होती, त्याला तो लागत नाही. मग दोघांना एकच नियम लावून ‘समानता’ म्हणायचे! नियमाच्या अक्षरात जात नाही, पण नियमाने मागितलेल्या कागदात ती पुरेपूर आहे.

आपल्याकडे असतो तो नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती आणि वीजबिल. यातला एकही मालकीचा पुरावा नाही. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत झाले हा वस्तीत खोलवर रुजलेला गैरसमज आहे. उलट शहरांत तर महापालिका अधिनियमाच्या कलम 267अ खाली अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही तिथेच सांगितलेले आहे. पैसे घेतील, हक्क देणार नाहीत.

आता शासनाने दिलेले घर पाहा. रमाई आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे क्षेत्रफळ 269 चौरस फूट. पाच माणसांच्या कुटुंबात माणशी 54 चौरस फूटही येत नाहीत. म्हणजे घरकुल मिळाले त्याच दिवशी ते वाढवण्याची गरज जन्माला येते. शासनाला हे कळत नाही असे नाही. तरीही एक खोली वाढवली की तीच यंत्रणा टेप घेऊन मोजायला येते. वाढीव खोलीला ‘हाव’ म्हणणाऱ्यांना आम्ही परळच्या बीआयटी चाळीची आठवण करून देऊ. रामजी सुभेदारांनी तिथे समोरासमोरच्या दोन खोल्या घेतल्या, 50 आणि 51 क्रमांकाच्या. एकीत संसार आणि दुसरीत अभ्यास. ती दुसरी खोली नसती तर काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. पुढे दादरला राजगृह उभे राहिले तेही मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून. दहावीच्या मुलीला पुस्तक घेऊन बसायला चार भिंती हव्यात, यात हाव कसली?

उदारपणा शासनाला अगदीच माहीत नाही असेही नाही. 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामे दंड घेऊन नियमित करता यावीत म्हणून 2017 साली नगररचना कायद्यात कलम 52अ घालण्यात आले. गुंठेवारीचा 2001 चा कायदा तर 2021 मध्ये दुरुस्त करून मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. या सवलती आपल्या गुंठेवारीतल्या बांधवांनी जरूर घ्याव्यात. अनेक शहरांत आपले शिक्षक, कारकून, सफाई कर्मचारी अशाच भूखंडांवर राहतात. पण लक्षात घ्या, तिथेही खरेदीचा काहीतरी कागद आणि भरायला पैसा लागतो. चुकलेल्या श्रीमंताला माफीची खिडकी सापडते. गायरानावरच्या माणसाला ती सापडेपर्यंत जेसीबी आलेला असतो.

गायरानाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण इथे आपल्या लोकांना सर्वात जास्त घाबरवले जाते. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. तो निकाल दाखवून नोटिसा निघतात. त्याच निकालात न्यायालयाने अपवादही सांगितला आहे, तो मात्र नोटिशीत येत नाही. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा तिथे आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारो लोक तुरुंगात गेले. त्या लढ्यांच्या रेट्यातून पुढे अनेकांच्या हातात पट्टे पडले. ते आज कुठे आहेत? ट्रंकेत, कौलाच्या खाली, काही वाळवीने खाल्लेले. ते शोधून काढणे हे आजच्या कार्यकर्त्याचे काम आहे.

13 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही प्रत्येकाने वाचावा. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने घर पाडण्यापूर्वी किमान 15 दिवसांची नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने पाठवणे आणि घरावर चिकटवणे, बाजू मांडण्याची संधी, कारणांसह लेखी आदेश, आदेशानंतर पुन्हा 15 दिवस आणि पाडकामाचे चित्रीकरण हे सारे बंधनकारक केले. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल होऊ शकते. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलाशय अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. आपल्या कित्येक वस्त्या नाल्याकाठी आणि रुळांलगतच आहेत, तेव्हा हा निकाल म्हणजे सर्वांना मिळालेली ढाल आहे अशा समजात कोणी राहू नये.

चळवळीतले काही तरुण विचारतात, ज्या व्यवस्थेने आपल्याला गावाबाहेर ठेवले तिच्याकडे परवानगी मागायचीच कशाला? प्रश्नातला संताप आम्हाला मान्य आहे. पण महाडकडे पाहा. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे आपण दरवर्षी सांगतो. त्यामागे बोले ठराव होता आणि तळे खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा स्वतःचा ठरावही होता, हे कमी सांगतो. आणि त्यानंतर सनातन्यांनी तळे खासगी असल्याचा दावा लावल्यावर बाबासाहेब तो दावा 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत लढले, हे तर जवळपास सांगतच नाही. वाद मालकीचाच होता. सत्याग्रह एका दिवसाचा, कागदाची लढाई दहा वर्षांची. आपण त्यातला एक दिवस घेतला आणि दहा वर्षे सोडून दिली.

दुसरेही एक खरे आहे, ते कडू असले तरी बोलले पाहिजे. बांधकामाचे सगळेच नियम शत्रूने केलेले नाहीत. चार इंची भिंतीवर दुसरा मजला चढवला तर पावसाळ्यात ती भिंत जात पाहून पडत नाही. बोळ इतका अरुंद झाला की रुग्णवाहिका आत येत नाही, तेव्हा मरतो तो आपलाच माणूस. शेजाऱ्याची खिडकी बुजवून उभी केलेली खोली दोन भावांत आयुष्यभराचे वैर लावते आणि तक्रारीचा पहिला अर्ज तिथूनच जातो. अभियंत्याची सही ही केवळ कटकट नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पहिली वीट लागण्यापूर्वी अर्ज द्यायचा, आणि एकट्याने नाही. एका ओळीतल्या दहा घरांनी मिळून एकच अभियंता ठरवावा, एकदाच मोजणी करावी, दहा नकाशे एकाच दिवशी दाखल करावेत. मालकीचा कागद नसेल तरी जो आहे तो जोडून अर्ज द्यावा आणि नकार लेखी मागावा. लेखी नकार हे हरण्याचे नाही, पुढच्या अपिलाचे आणि नियमित करण्याच्या मागणीचे पहिले पान असते. खर्चाचे म्हणाल, तर जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या रकमेत ते बसते. हिशेब मंडळाने स्वतः करून पाहावा. गावात स्वामित्व योजनेचे ड्रोन येण्याआधी चुन्याने हद्दी आखल्या जातात. त्या वेळी वस्तीतले दोन जाणते लोक तिथे हजर हवेत, नाहीतर चुना आपल्या दारापर्यंत पोहोचतच नाही. गावठाणाच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम 122 खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वस्ती गावठाणात घेण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा, फेटाळला तर फेटाळल्याचे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

नोटीस आलीच तर नेत्याला फोन लावण्याआधी तिच्यावरची मुदत वाचा. कलम 53 च्या नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. तक्रार खोटी असेल, तर लोकसेवकाला खोटी माहिती देऊन अनुसूचित जातीच्या व्यक्तीला त्रास देणे हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(क्यू) खाली गुन्हा आहे. पण तक्रार खोटी होती हे सिद्ध करायलाही हातात कागद लागतो, हे विसरू नका.

शेवटचे काम तरुणांसाठी. नोटिसा वस्ती पाहून निघतात, असा आमचा आरोप आहे. तो भाषणात किती दिवस करत राहणार? दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मागील तीन वर्षांत कोणत्या प्रभागात किती बांधकाम परवानग्या दिल्या, किती नोटिसा काढल्या, किती पाडकामे केली आणि प्रत्येक कारवाई कोणाच्या तक्रारीवर झाली, एवढे चारच प्रश्न. उत्तर आल्यावर गावाचा नकाशा समोर ठेवा आणि त्यावर खुणा करा. अर्जाची पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का आहे का, ते खिडकीवरून हलण्याआधीच पाहा.