संकेतांक म्हणजे निदान नव्हे

ट्रक म्हटला की आपल्याकडे डिझेलचे इंजिन डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र सुतार, गवंडी, शेतकरी यांच्या रोजच्या कामाचा लहान ट्रक बहुधा पेट्रोलवर चालतो. आपले दोष आपणच नोंदविणारी यंत्रणा तेथे १९९६ सालच्या मॉडेलांपासून मोटारींना व हलक्या ट्रकांना सक्तीची आहे. चालकासमोरचा दिवा लागतो, तपासयंत्र ‘पी ०१३३’ हा संकेतांक दाखविते, ‘ऑक्सिजन सेन्सरचा प्रतिसाद मंद’ एवढा त्याचा अर्थ वाचून सेन्सर बदलला जातो. आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. पैसे गेले, दोष राहिला! तक्रार आणि तक्रारीचे कारण यांतील भेद न ओळखल्याचेच हे फळ होय.

वस्तुतः या सेन्सरचे काम साधे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे तो सांगतो. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे योग्य प्रमाण. पेट्रोल अधिक झाले की झिर्कोनियाच्या सेन्सरचा विद्युत्‌दाब ०.९ व्होल्टच्या आसपास चढतो. हवा अधिक झाली की ०.१ पर्यंत उतरतो. त्यावरून संगणक पेट्रोल कमीअधिक करतो. ही चढउतार रेंगाळली की संकेतांक उमटतो.

परंतु ती रेंगाळली कशामुळे? सेन्सर जुना झाला असेल, त्याला तापविणारा हीटर बंद पडला असेल, किंवा सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला चीर पडून बाहेरची हवा आत शिरत असेल. इंजिन थंड ठेवणारे द्रव्य गळून धुरात मिसळत असेल, तर नवा सेन्सरही त्याच रोगाने मरेल. म्हणून जाणता कारागीर आधी परीक्षा घेतो. तापलेल्या इंजिनाला तो किंचित प्रोपेन वायू देतो. दाब तत्काळ चढला पाहिजे. मग एखादी व्हॅक्यूमची नळी सोडून जादा हवा देतो. दाब तितक्याच त्वरेने उतरला पाहिजे. दोन्ही वेळा सेन्सर चपळ ठरला, तर दोष अन्यत्र शोधावा लागतो.

हा प्रश्न केवळ मालकाच्या खिशाचा नाही. मिश्रणाचे प्रमाण ढळले की विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करीत नाही, आणि त्याचा भुर्दंड रस्त्यावरून पायी जाणाऱ्यालाही श्वासावाटे भरावा लागतो. भारतातही १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले असून, दोष नोंदविणारी यंत्रणा येथील गाड्यांतही आली आहे. तेव्हा कारागिराला संकेतांकांची यादी देऊन भागणार नाही; त्यांच्यामागचे विज्ञान आणि पडताळणीची शिस्त त्याला शिकविली पाहिजे. तपासयंत्र विकत मिळते. विचार करण्याची सवय मात्र शिक्षणानेच लावावी लागते.