गायब बापाची सही कुठून आणायची?

आईने दुसरं लग्न केलं. रोज शाळेत सोडणारा, ताप आला की रात्रभर जागणारा माणूस मुलासाठी बाबाच असतो. कायद्यासाठी मात्र नाही. त्याने मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने सावत्र मुलाला त्याच्या मिळकतीत वाटा नाही. कायदेशीर वडील व्हायचं तर दत्तक घ्यावं लागतं. आणि दत्तक म्हटलं की आली संमती.

१९५६चा हिंदू दत्तक कायदा म्हणतो, नवरा दत्तक घेणार असेल तर बायकोची संमती हवी. संसारात असलेल्या बायकोला मात्र २०१०पर्यंत स्वतःच्या नावाने दत्तक घेताच येत नव्हतं, तिने फक्त 'हो' म्हणायचं. आता तीही घेऊ शकते, नवऱ्याच्या संमतीने. हे एकदम मान्य. घरात येणारं मूल दोघांनाही हवं असायलाच पाहिजे.

घोळ पुढे आहे. मूल दत्तक देतानाही जन्मदात्या आई-वडिलांना एकमेकांची संमती लागते. घटस्फोट झाला म्हणून ही अट सुटत नाही. सूट कधी? दुसऱ्याने संन्यास घेतला, तो हिंदू राहिला नाही किंवा कोर्टाने त्याला मनोरुग्ण ठरवलं, तर. बस्स! म्हणजे बाप संन्यासी होऊन हिमालयात गेला तर विचारायची गरज नाही. पण पोटगी न देता, वर्षानुवर्षं साधा फोनही न करता तो शेजारच्या तालुक्यात राहत असेल, तर त्याची सही हवीच. मुलाला टाकून देणं हे कारण कायद्यात आहे, पण दोघांनीही टाकलं असेल तेव्हाच. एकाने टाकलं आणि दुसरीने वाढवलं, तर तिला ही सवलत नाही.

वडील हयात नसतील तर वाट सोपी आहे. अशा वेळी आई मुलाचं आडनाव ठरवू शकते आणि त्याला दत्तकही देऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं. प्रश्न जिवंत असून नसलेल्या बापांचा आहे.

सगळ्या धर्मांना लागू असलेल्या २०१५च्या बाल न्याय कायद्याखालच्या नियमांतही सावत्र पालकाला दत्तक घेताना जन्मदात्यांची संमती लागते. ताब्याचा खटला चालू असेल तर निकालापर्यंत थांबायचं. मात्र आदेशाआधी मुलाचं वय आणि समज बघून त्याची इच्छा विचारात घ्या, असं हा कायदा सांगतो. हिंदू कायद्यात आई-वडीलच मूल देत असतील, तर तशी सक्ती नाही.

कुणी म्हणेल, संमती काढून टाकली तर चिडलेली आई चांगल्या बापालाही कटाप करेल. भीती खरी आहे. दत्तक झालं की जुन्या घराशी कायदेशीर नातं तुटतं. शिवाय काही बापांना मुलांना भेटूच दिलं जात नाही, त्यांना 'गायब' ठरवणं अन्यायच. म्हणून अट काढू नका, तिच्यात एक वाट ठेवा. बापाला नोटीस द्या, मुदत द्या. पोटगी आणि भेटींचा हिशेब कोर्टाने तपासावा. खरंच सोडून दिलं असेल, तर त्याच्या सहीवाचून पुढे जाऊ द्यावं. आणि मुलाला विचारणं दोन्ही कायद्यांत सक्तीचं करावं.

कारण वेळ कुणासाठी थांबत नाही. सहीची वाट बघता बघता मूल बारावीला पोचतं, आणि अठरा पूर्ण झाली की बाल न्याय कायद्याचं दारही बंद होतं.